शपथ घेतली, पण दुखणं विचारलं का?



आज आमच्याच चुकीबद्दल लिहितो आहोत. बेळगावकडच्या एका गुरुबंधूंनी गुरुपौर्णिमेला सर्वांसमोर दारू सोडण्याची शपथ घेतली. आम्ही हार घातला. रोज पिणारा माणूस एका दिवसात थांबला. तिसऱ्या रात्री हात थरथरू लागले, भिंतीवर माणसं दिसू लागली. घरच्यांना वाटलं, बाहेरची बाधा. खरं तर वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत असे भास होऊ शकतात, फिट येऊ शकते, जीवही जाऊ शकतो. शेजारच्या वहिनींनी हट्टाने दवाखान्यात नेलं म्हणून ते वाचले.

डॉक्टरांनी विचारलं, "झोप कधीपासून नाही?" तेव्हा कळलं, दारूच्या आधीपासून उदासी होती. आम्ही कधी विचारलंच नव्हतं. पुरुषाने रडायचं नाही, म्हणून तो पितो. घटकाभर बरं वाटतं. पण दारूच झोप मोडते, उदासी वाढवते.

दिवाळीत ते पुन्हा प्याले आणि काहींनी बोलणं टाकलं. मग प्रश्न पडतो, दोष कोणाचा? आजार म्हटलं की जबाबदारी संपली का? आम्हाला वाटतं, आजार होणं हा दोष नाही, पण उपचार घेणं हे कर्तव्य आहे. बायको-मुलांनी मार सोसावा, असंही मुळीच नाही. पण साखर वाढली म्हणून आपण कुणाला पापी म्हणतो का? २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही दारूशी जोडलेल्या मनोविकारांना आजारच मानतो.

तेव्हा नाम चालू ठेवा आणि गोळ्याही. उदासी आणि दारू, दोन्हींवर एकत्रच उपचार करा. न सांगता भाजीत दारू सोडवायचं औषध कालवू नका. वरून दारू प्याल्यास जिवावर बेतू शकतं. बेळगावकरांना धारवाडची डिमहान्स, गोव्यात बांबोळीची सरकारी संस्था, इंदूरला बाणगंगेचं रुग्णालय आहे. कुठूनही १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबर लावा. कोणी मरणाची भाषा केली तर एकटं सोडू नका.

येत्या गुरुवारी ते आरतीला येणार आहेत. कोणी काही विचारू नका. शेजारी बसवून घ्या, एवढंच. 🌸