ज्याचं त्याच्या पोटात
उतारवयात माणसानं गीता वाचावी. मी जावास्क्रिप्ट वाचली. सोसायटीच्या सभासदांची यादी वेबपानावर केली. नावावर टिचकी मारली की त्याच्या पोटातली थकबाकी उघडावी, एवढीच अपेक्षा. पहिल्याच टिचकीला बावीसच्या बावीस जणांची थकबाकी चव्हाट्यावर! घरातच तपासत होतो म्हणून अब्रू वाचली.

नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही 'डॉक्युमेंट'ला विचारलंत, म्हणजे अख्ख्या पानाला. 'करंटटार्गेट'ला विचारा, ज्या नावाला टिचकी लागली, त्याच्याच पोटात शोधा. नुसतं 'टार्गेट' नको. बोट नावाशेजारच्या चित्रावर पडलं, तर चित्राच्या पोटात थकबाकी कुठून येणार?"

एक शब्द बदलला आणि यादी शहाणी झाली. मी मात्र बेचैन. शाळेत शीळ एकानं घातली आणि छड्या वर्गानं खाल्ल्या, त्याला आम्ही शिस्त म्हणत आलो. परवा चहात साखर कमी पडली, तर मी हिच्या चाळीस वर्षांच्या चुका उघडल्या. टिचकी एक, झडती अख्ख्या संसाराची! राग खरा असेलही. पण शोध कुठून सुरू केला, यावरच न्याय ठरतो.

हिला हे सांगितलं, तर म्हणाली, "मग आजच्या चहापुरतंच बोला."

चहा उत्तम झाला होता. पण तसं सांगायची चाळीस वर्षांत सवयच नव्हती.