कोटेशनचा कागद

एका तालुक्याच्या गावी एक शिंपी राहत होता. हात चांगला, बोलणं मोजकं. वर्षानुवर्षं मशीन चालवून त्याने घरच्या पहिल्या गाडीपुरते पैसे जमवले होते.

शेजाऱ्याने दसऱ्यालाच गाडी आणली होती. "असा भांडलो शोरूममध्ये, की मॅट, मड फ्लॅप, बॉडी कव्हर, सगळं फुकट काढलं!" असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

शिंप्याने घाई केली नाही. तो डिसेंबर संपता संपता गेला. विक्रीवरच्या पोराने चहा दिला, गाडी दाखवली.

"काका, ऑन-रोड 9,65,000. आज बुक केलीत तर ॲक्सेसरीज माझ्याकडून."

"बाळा, मी बिल देतो तेव्हा कापड वेगळं लिहितो, शिलाई वेगळी. तसं लिहून दे मला."

पोराने कागद काढून दिला. एक्स-शोरूम 8,00,000. पेट्रोल गाडीचा कर 11 टक्के, म्हणजे 88,000. विमा 42,000. हँडलिंग 9,000. ॲक्सेसरीज 24,000. नोंदणी, फास्टॅग वगैरे 2,000.

"ॲक्सेसरीज तुझ्याकडून होत्या ना?" शिंप्याने शांतपणे विचारलं. पोराने मान खाली घातली.

करावर आणि नोंदणीवर शिंपी काही बोलला नाही. ते पैसे सरकारात जाणार होते. हँडलिंग कशाचं, एवढंच त्याने विचारलं. मग खिशातून विमा एजंटाचा कागद काढला. कव्हर तेच, तीन वर्षांचा सक्तीचा थर्ड पार्टी विमाही त्यात, आणि रक्कम 31,000. विमा शोरूममधूनच घ्यावा असा नियम नाही, हे त्याने आधीच विचारून ठेवलं होतं.

शेवटी त्याने चासी नंबर मागितला. त्यावरून कळलं, की गाडी मार्चमध्ये बनलेली होती. "चार दिवसांत ही मागच्या वर्षाची होईल. पुढे विकताना मला तेवढं कमी मिळेल. ते आज किमतीत धर."

मॅनेजर आला. "सगळे एवढेच देतात," म्हणाला. शिंप्याने नमस्कार केला, कागदाची घडी खिशात ठेवली आणि तो निघाला. जिल्ह्याच्या गावी त्याच कंपनीचं दुसरं शोरूम होतं. तिथूनही त्याने तसाच कागद आणला.

31 तारखेला पोराचा फोन आला. महिन्याचं आणि वर्षाचं टार्गेट त्याच दिवशी संपत होतं. हँडलिंग गेलं, ॲक्सेसरीज गेल्या, विमा 31,000 वर आला, वर 25,000 सूट मिळाली. गाडी 8,96,000 ला पडली. या सगळ्यात कुणाचा आवाज चढला नव्हता. पोराने पेढ्यांचा बॉक्स हातात ठेवला आणि स्वतः बसून काकांना गाडीचं एकेक बटण समजावून दिलं.

बॉडी कव्हर शिंप्याने घरीच शिवलं.

ते बघून शेजाऱ्याने आपलं बिल शोधून काढलं. फुकटची म्हणून मिरवलेली प्रत्येक वस्तू त्यात किमतीसह लिहिलेली होती.

शेजारी काही भोळा नव्हता. तो जिंकण्यासाठी गेला होता, आणि शोरूमने त्याला जिंकू दिलं. शिंपी वाचायला गेला होता. समोरच्या पोराचा मान राखून त्याला प्रत्येक ओळ विचारता आली आणि वेळ आली तेव्हा उठताही आलं. घामाच्या पैशाची राखण अशी होते.

तुम्ही गाडी घ्यायला जाल तेव्हा एकूण आकड्यावर बोलू नका. दोन शोरूममधून कोटेशन लेखी घ्या, घरी आणून सगळ्यांसोबत वाचा, आणि मगच बुकिंगचे पैसे भरा.