दुसऱ्या खेपेचा आराखडा

मानसोपचारतज्ज्ञांची कुठलीही संघटना पुढच्या पाच वर्षांचा आराखडा करायला बसली की पहिल्या मागण्या ठरलेल्या असतात: आणखी तज्ज्ञ, आणखी पदव्युत्तर जागा, आणखी खाटा. त्या गैरवाजवी नाहीत. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही आले नाही. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आजारागणिक ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात. तरीही नांदेड-लातूरच्या तज्ज्ञांनी एकत्र येऊन आराखडा केला, तर त्याची सुरुवात डॉक्टरांच्या मोजणीने न करता रुग्णाच्या दुसऱ्या खेपेपासून करावी, असे मला वाटते.

पहिली खेप कशीबशी होतेच. घरात निभेनासे झाले की किनवट-माहूरकडचे कुटुंब उसनवारी करून, गाडी ठरवून नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात येते. गोळ्या सुरू होतात, रुग्ण झोपू लागतो. अडचण येते ती पुढच्या महिन्यात. माणूस आता बरा दिसतो, कापूस वेचणीला आलेला असतो, सोबत येणाऱ्याचा रोज बुडतो. केसपेपरची रांग, तपासणीची रांग, औषधांची रांग आणि वर परतीच्या एसटीची धास्ती. खेप चुकते, गोळ्या संपतात, आजार उलटतो आणि सगळे पहिल्यापासून. वास्तविक या खेपेतले बरेचसे काम तज्ज्ञाचे नसतेच. फ्लुफेनाझिनचे दोन ते चार आठवड्यांनी द्यायचे इंजेक्शन प्राथमिक आरोग्य केंद्रातली परिचारिका देऊ शकते. तज्ज्ञ लागतो तो निदानाला, मात्रा ठरवायला आणि दुष्परिणाम दिसले तर.

इथे तज्ज्ञांचा आक्षेप येतो: अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण सोपवायचा का? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ प्रकल्पाने गावपातळीवरचे कार्यकर्ते तयार केले, त्यांना वरच्या उपचारांशी जोडले. दीड वर्षात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. हा आकडा नैराश्याचा आहे, तीव्र मनोविकारांना तो जसाच्या तसा लावता येणार नाही. पण गावातला माणूस दुवा होऊ शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते. आपल्याकडे २०१५च्या ‘प्रेरणा’ प्रकल्पात आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्या प्रश्नावली घेऊन घरोघरी गेल्याच होत्या. शोधायला माणूस मिळतो. सापडलेल्याचा पाठपुरावा कुणी करायचा, हे मात्र ठरवावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: हे सरकारचे काम, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून त्यासाठीच आहे. खरे आहे, पण खासगी दवाखाना आणि सरकारी ओपीडी यांच्यात रुग्ण जा-ये करतो तेव्हा दोन्हीकडे चालणारी एकच उपचारचिठ्ठी हवी, आणि ती संघटनाच घडवू शकते. अमेरिकेतल्या सामुदायिक मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने रुग्णाला कोणत्या पातळीची सेवा लागते हे ठरवणारी सहा निकषांची मोजपट्टी तयार केली. तिकडची पट्टी इकडे चालणार नाही. आपल्याकडे एसटीचे अंतर हाही निकष धरावा लागेल. नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या काही खासगी डॉक्टरांना आपला रुग्ण आरोग्य केंद्राकडे जाईल अशी धास्ती वाटेल, पण औषध अर्ध्यावर सोडलेला रुग्ण त्यांच्याकडेही परत येत नाहीच.

शिवाय गोळ्यांचा साठाच संपला तर हे सारे कोलमडते. म्हणून कोणत्या केंद्रात कोणते औषध किती दिवस नव्हते, याची यादी संघटनेने दर महिन्याला जाहीर करावी. सरकारी नोकरीतल्या सभासदांना त्यावर सही करणे जड जाईल. ती खासगी व्यवसाय करणाऱ्यांनी करावी.