रेझीन आणि रविवारची बादली

ठाणे, २ मे

चि. ओंकार,



माशांच्या टाकीचा फोटो पाहिला. एंजलफिश झकास दिसताहेत. रेझीनच्या पाऊचबद्दल आधी विचारलंस हे बरं केलंस. ‘हे फिल्टरमध्ये टाका आणि पाणी बदलणं विसरा’ असं दुकानदार म्हणाला ना? पहिलं अर्धं वाक्य ऐकायला हरकत नाही.

रेझीनशी माझी ओळख माशांमुळे झाली नाही, बॉयलरमुळे झाली. कारखान्यातल्या सॉफ्टनरमध्ये खसखशीएवढे पिवळसर मणी भरलेले असत. जड पाणी त्यांतून सोडलं की कॅल्शियम, मॅग्नेशियम मण्यांवर अडकायचं आणि बदल्यात सोडियम पाण्यात यायचं. मणी भरले की मिठाचं पाणी फिरवायचं, की पुन्हा कामाला तयार. अशी कृत्रिम रेझीनं १९३५ साली इंग्लंडात ॲडम्स आणि होम्स यांनी पुढे आणली. व्यवहार तेव्हापासून तोच आहे. रेझीन काही घेतं तेव्हा काहीतरी देतंही, म्हणून घेण्याआधी ‘घेतं काय आणि सोडतं काय’ हे विचारायचं.

तुझ्या टाकीत मासे अमोनिया सोडतात, फिल्टरमधले जीवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. गाडी तिथे थांबते. थोडं नायट्रेट झाडं खातात, उरलेलं साचत जातं. नायट्रेटचं रेझीन ते पकडतं आणि क्लोराइड सोडतं. साध्या रेझीनला मात्र नायट्रेटपेक्षा सल्फेट जास्त आवडतं, त्यामुळे ‘नायट्रेट सिलेक्टिव्ह’ लिहिलेलंच घे. समुद्री टाकी असती तर हा नाद सोड म्हटलं असतं. तिथे एका लिटरमध्ये एकोणीस ग्रॅमच्या आसपास क्लोराइड असतं. त्या गर्दीत रेझीन नायट्रेट धरणार कसं?

पुरीजेन मिळतं ते वेगळ्या जातीचं. ते मुख्यतः विष्ठा, उरलेलं खाणं, कुजकी पानं यांतून पाण्यात उतरणारे सेंद्रिय पदार्थ, त्यांचं अमोनियात रूपांतर होण्याआधीच धरतं. पाणी काचेसारखं होतं आणि पांढरे मणी हळूहळू तपकिरी होत जातात. भरलं की नाही हे डोळ्यांनीच कळतं, म्हणून नवशिक्याने सुरुवात यानेच करावी असं माझं मत. मात्र माशांना औषध देशील तेव्हा पाऊच बाहेर काढ, नाहीतर औषध मण्यांच्या पोटात जाईल.

आता हिशोब. समज, तुझ्या टाकीत आठवड्याला १० पीपीएम नायट्रेट वाढतं आणि तू दर रविवारी चौथा हिस्सा पाणी बदलतोस. काही आठवड्यांनी आकडा बदलण्याआधी ४० आणि बदलल्यावर ३० असा स्थिरावेल. रेझीनने निम्मं नायट्रेट रोखलं, तर तेवढंच पाणी पंधरवड्याने बदलूनही तू त्याच ४० वर राहशील. म्हणजे दोन बादल्यांतली एक वाचली. उन्हाळ्यात टँकरवर जगणाऱ्या सोसायटीत हे थोडं नाही. पण दुसरी बादली का वाचत नाही, ते नीट वाच.

अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्यातला बायकार्बोनेट, म्हणजे किटवर ‘केएच’ म्हणून दिसतो तो, खर्च होत असतो. तो संपला की पीएच अचानक कोसळतो. ताजं पाणी हा खर्च भरून काढतं. रेझीन तो भरून काढत नाही, उलट नायट्रेटचं रेझीन सुरुवातीला थोडा बायकार्बोनेट स्वतःच गिळतं. शिवाय तुमच्याकडचं टँकरचं पाणी बोअरचं, म्हणजे दख्खनच्या काळ्या कातळातून आलेलं. आठवड्याला पाच लिटर पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागेच राहतात. वर तू ६०० टीडीएसचं, म्हणजे लिटरमागे ६०० मिलिग्रॅम विरघळलेल्या क्षारांचं, पाच लिटर ओतलंस की तीन ग्रॅम क्षार आणखी आले. पाणी बदललंच नाहीस तर शंभर लिटरच्या टाकीत दहा आठवड्यांत टीडीएस ३०० ने चढेल आणि नायट्रेटचा आकडा तरीही गोंडस दिसेल! म्हणून घट भरायची ती स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने, आणि पाणी बदलायचं ते टँकरच्या. (आईला आधी विचार.)

मणी धुण्याची रीत जातीप्रमाणे. नायट्रेटचं रेझीन लिटरभर पाण्यात शंभर ग्रॅम मीठ घालून भिजव, मग खळखळून धू. पुरीजेनला लिक्विड ब्लीच लागतं: साधं, बिनवासाचं, तितकंच पाणी घालून, प्लॅस्टिकच्या डब्यात चोवीस तास, खिडकी उघडी ठेवून. ब्लीचिंग पावडर चालणार नाही. ब्लीचजवळ ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर फिरकूही देऊ नकोस, विषारी क्लोरीन वायू सुटतो. नंतर भरपूर धुऊन आठ तास अँटिक्लोरच्या, म्हणजे क्लोरीन मारणाऱ्या औषधाच्या, पाण्यात ठेव. क्लोरीनचा पुसटसा वासही येत असेल तर पाऊच टाकीत जाणार नाही. नायट्रेटच्या रेझीनला ब्लीच लावू नकोस, ते खराब होतं. आणि पिशवीची जाळी बारीक बघून घे. मोठ्या भोकांतून मणी निसटले की खडीत शोधत बसशील.

पाऊच टाकण्याआधी नायट्रेट, केएच आणि टीडीएस मोजून वहीत लिही, नंतर दर रविवारी तेच. महिन्याभराचे आकडे मला पाठव, मग पंधरवड्याचं ठरवू.

तुझा,
नानाकाका