सरळ, पण ताठ नाही



आजचं वाचन: श्रीमद्भागवत, एकादश स्कंध, अध्याय नववा.

रोज वाचणाऱ्यांच्या लक्षात आलं असेल, मागे मी आठव्या अध्यायावरून थेट दहाव्यावर उडी मारली होती. चुकून नाही, मुद्दाम. नववा मला झेपत नव्हता. आज तो घेतोय.

प्रसंग आपल्याला माहीत आहे. अवधूत यदुराजाला आपल्या चोवीस गुरूंबद्दल सांगतोय. पृथ्वी, समुद्र, मधमाशी, कबुतर अशी ती यादी. त्यातच एक आहे इषुकार, म्हणजे बाण घडवणारा कारागीर. तो बाणात इतका गढून गेलाय की अगदी शेजारून राजा निघून जातो आणि याला पत्ताच नाही. मन एका जागी कसं लावावं हे अवधूत त्याच्याकडून शिकतो.

ही गोष्ट मला फार आवडायची. ऑफिसात नवीन आलेल्या पोरांना मी ती सांगायचो. फोन उलटा ठेवा, हेडफोन लावा, इषुकार व्हा!

मग ती गुरुवारची रात्र आली. मी तोंडवलीला घरून काम करतो. इकडे समुद्र, तिकडे खाडी, मध्ये माडांची पट्टी आणि त्यात आमचं घर. त्या रात्री रिलीज होतं, कॉलवर मोठे साहेब होते आणि माझ्या कानांवर आवाज बंद करणारे हेडफोन. बाहेर खळ्यात बाबांची साखर उतरली. ते हाका मारत होते. शेजारची काकू धावत आली, तिने साखरपाणी दिलं, त्यांना पडवीत बसवलं. मी पाऊण तासाने बाहेर आलो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तुका हाका मारून मारून माझो घसो बसलो." बाबा काहीच बोलले नाहीत. ते जास्त लागलं.

तीन दिवसांनी वाचनात नववा अध्याय आला. इषुकाराची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. ज्याला शेजारचं काही कळत नाही तो गुरू कसा? आणि तो गुरू असेल, तर त्या रात्री माझं काय चुकलं?

उत्तर मिळालं ते भाच्यामुळे. तो तेरा वर्षांचा, शाळेकडून तिरंदाजी खेळतो. आपल्याकडे 'इंडियन राउंड' नावाचा प्रकार आहे, त्यात बांबूचं धनुष्य आणि लाकडी किंवा बांबूचे बाण चालतात. सुट्टीत आला आणि म्हणाला, "मामा, आपण घरीच बाण करूया ना." घरामागे माणग्याचं बेट आहे. माणगा म्हणजे आपल्या सिंधुदुर्गातला भरीव बांबू, काटे नसलेला. वाळवून ठेवलेला एक फोडला, पट्ट्या काढल्या, रंध्याने गोल केल्या, गाठी घासून घासून बसवल्या.

काठी सरळ दिसते ती फक्त हातात. डोळ्याशी धरून टोकाकडे बघितली की कळतं, कुठे ना कुठे वाक असतोच. मी जोर लावून तो काढायचो, पाच मिनिटांत परत तसाच. शेजारचे आबा आयुष्यभर बांबूचं काम करत आलेत. ते हसले. "थंड काठी वाकवलंस तर ती तुका फसयतली." निखाऱ्यावर शेकायची, ऊब आत मुरली की हलकेच दाबायची आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवायची. मग पुन्हा डोळ्याशी. एका काठीला अर्धा तास लागतो. तप म्हणजे ताप, हा अर्थ मला तेव्हा बोटांना कळला.

पहिला बाण मी जाडसर ठेवला. पट्टीसारखा सरळ, जरासुद्धा लवत नव्हता. मागे खाच पाडली, ती फाटू नये म्हणून तिच्याखाली दोरा गुंडाळला. एकाच बाजूच्या पंखाची तीन पिसं चिकटवली, कारण डाव्या आणि उजव्या पंखांच्या पिसांचा बाक उलटा असतो. वर अळशीच्या तेलाचे हात दिले, नाहीतर आमच्या खाऱ्या दमट हवेत काठी परत वाकडी होते. इतका देखणा बाण! सुरूच्या बनाकडे जाऊन भाच्याने सोडला. डावीकडे गेला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, डावीकडेच.

रात्री वाचत बसलो. दोरी बाणाला सरळ पुढे ढकलते, पण वाटेत धनुष्याची मूठ असते. बाण तिच्यातून आरपार जाऊ शकत नाही. तो सुटताना लवतो, मुठीला वळसा घालतो आणि पाण्यातल्या माशासारखा सळसळत पुन्हा आपल्या रेषेवर येतो. याला 'आर्चर्स पॅरडॉक्स' म्हणतात. फार ताठ बाण लवतच नाही, मूठ त्याला बाजूला ढकलते. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बाण मग डावीकडे जातो. म्हणून काठीचा लवचिकपणा मोजतात: २६ इंचांवर दोन टेकू, मधोमध २ पौंड वजन, आणि काठी किती लवते ते बघायचं. आम्ही समुद्रावरची वाळू भरून ९०७ ग्रॅमची पुरचुंडी केली. वीस काठ्यांतल्या सहाच त्याच्या हलक्या धनुष्याला जुळल्या. माझी देखणी काठी नापास.

बाण सरळ हवा, पण ताठ नको. मी त्या रात्री ताठ होतो.

मग नववा अध्याय पुन्हा उघडला, या वेळी सावकाश. इषुकाराच्या आधी भागवत सांगतं की मन स्थिर होतं ते वैराग्याने आणि अभ्यासाने. मी अभ्यास तेवढा उचलला होता, वैराग्य गाळलं होतं. आणि इषुकाराला दिसलं नाही ते काय? राजा. मान, सत्ता, थाटमाट. हाक मारणारा म्हातारा बाप नव्हे. खरं सांगायचं तर त्या रात्री राजाची स्वारी माझ्या नजरेतून सुटलीच नव्हती. मोठे साहेब कॉलवर होते, शाबासकी मिळणार होती, मी डोळे फाडून स्वारीच बघत होतो. सुटला तो बाण.

इषुकाराच्या लगेच आधी कोण येतं ठाऊक आहे? घरी एकटी असलेली ती कुमारी. पाहुणे दारात आलेत, ती त्यांच्यासाठी साळी कांडतेय, बांगड्या वाजतात म्हणून एकेक काढून हातात एकच ठेवते. परंपरा यातून एकांत शिकवते, ते बरोबरच. पण मला आज हेही दिसलं की तिने बांगड्यांचा आवाज थांबवला, पाहुण्यांचा नाही. मी नेमकं उलट केलं होतं.

नाथमहाराजांनी याच एकादश स्कंधावर टीका लिहिली आणि १५७३ मध्ये काशीला पूर्ण केली. ते संसारी होते. दारावरची हाक आणि हातातलं चिंतन यांत भांडण नसतं, हे पैठणच्या त्या घराने जगून दाखवलंय.

मुंडक उपनिषदात ॐकार हे धनुष्य, आत्मा हा बाण आणि ब्रह्म हे लक्ष्य आहे. बाणाला धार उपासनेची. आपली उपासना चालू असताना मध्ये कुणी हाक मारली तर ती अडचण नाही, ती मूठ आहे. लवायचं, वळसा घालायचा आणि रेषेवर परत यायचं.

आजचा अभ्यास: जपाला किंवा कामाला बसण्याआधी स्वतःला विचारा, आत्ता मी बाण बघतोय की स्वारी? आणि घरात कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला उठा. परत येऊन माळेचा तोच मणी धरा.

माझा एक कान आता उघडा असतो. काल मीटिंगमध्ये बाबांची हाक आली. उठून गेलो. त्यांना चष्मा सापडत नव्हता, एवढंच. तो कपाळावरच होता. दोघंही हसलो. परत येऊन बसलो तेव्हा साहेब अजून बोलतच होते.

राम कृष्ण हरी.