आधी काय दिसतं

घरातल्या औषधांच्या डब्यातून गोळ्यांची एखादी स्ट्रिप काढा. रक्तदाबाची, थायरॉइडची, तापावरची, कुठलीही चालेल. खिडकीपाशी जागा असेल तर तिथे बसा. वाचायची घाई करू नका. स्ट्रिप हातात नुसती धरा आणि नजर पहिल्यांदा कुठे जाते तेवढंच बघा.

बहुतेक वेळा ती जाते कंपनीने ठेवलेल्या नावावर. ते ठळक असतं, रंगीत असतं, त्याच्याभोवती थोडी मोकळी जागा सोडलेली असते. मग नजर भटकते. कडेला एक उभी लाल रेघ दिसते का? अनेक गोळ्यांवर असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ही गोळी घेऊ नका, असं ती सांगते. २०१६ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने अँटिबायोटिक्सच्या निमित्ताने या रेघेची ओळख करून देणारी मोहीमही चालवली होती. घरातल्यांना विचारून बघा, ती रेघ कशासाठी आहे ते किती जणांना सांगता येतं.

आता मुदत शोधा. गोळी केव्हापर्यंत घ्यायची, ती तारीख. सावकाश शोधा. बऱ्याच स्ट्रिपवर ती कडेच्या पट्टीत ठशाने दाबून उमटवलेली असते, चंदेरीवर चंदेरी. स्ट्रिप जरा तिरकी करावी लागते, उजेड अक्षरांच्या कडांवर पडेल अशी, मग एकेक आकडा वर येतो. चार गोळ्या मागितल्या की स्ट्रिप कात्रीने कापून मिळते. मुदतीचा तुकडा दुकानात राहिला की आपल्याबरोबर आला, हे पुष्कळदा कुणी पाहत नाही.

स्ट्रिप अजून खाली ठेवू नका. औषधाचं मूळ नाव पाहा, म्हणजे आत जे रसायन आहे त्याचं. एकाच घटकाच्या औषधावर हे मूळ नाव कंपनीच्या नावापेक्षा किमान दोन आकारांनी मोठं छापलं पाहिजे, असा नियम सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. मोजून बघा, ते मोठं असेलही. पण आधी दिसतं का? कंपनीचं नाव जाड ठशात आणि रंगात असेल, मूळ नाव बारीक रेघेच्या काळ्या अक्षरात असेल, तर मोठं असूनही ते मागे राहतं. आकार वाढवला तरी जाडी, रंग आणि भोवतीची जागा आपापलं काम करतच राहतात.

या तळहाताएवढ्या पत्र्यावर किती निर्णय घेतलेले आहेत, याच्यापाशी थोडा वेळ थांबावं असं मला वाटतं. मी उपयोजित कला शिकते. आमच्याकडे भिंतीवर लेआउट लावला की डोळे किलकिले करून बघायला सांगतात. शब्द पुसट होतात, तपशील विरघळतात, आणि उरतं ते त्या कागदाने तुमच्यासाठी निवडलेलं असतं. तुम्हीही करून बघा. वर्तमानपत्रातलं जाहिरातीचं पान समोर धरा आणि डोळे अर्धे मिटा. काय उरलं? एक चेहरा, एक आकडा, टक्क्याचं चिन्ह. ‘अटी लागू’ कुठे गेलं? ते पानावर आहे. फक्त तुमच्यापर्यंत पोचत नाही.

पंगतीत पहिलं पान कुणाचं मांडलं आणि शेवटी कोण बसलं, यावरून त्या घरात कुणाचा मान किती ते कळायचं. छापील कागदावरही मानाचा क्रम असतो. अक्षर मोठं, मधलं, बारीक, या उतरंडीत कुणाची गरज आधी धरली आणि कुणाची नंतर, ते लिहिलेलं असतं. आरेखन म्हणजे सजावट, असा समज घेऊन या शाखेत येणारे बरेच असतात. मला मात्र दिवसेंदिवस वाटतं की आमच्या कामाचा गाभा हा क्रम लावण्यातच आहे.

मोठं अक्षर वाईट असतं, असा याचा अर्थ कृपा करून घेऊ नका. मराठी वर्तमानपत्रांतल्या नाटकांच्या जाहिराती आठवा. एखाद-दोन कॉलमांची जागा, त्यात नाट्यगृह, वार, वेळ, कलाकार, सगळं कोंबलेलं. आणि मधोमध नाटकाचं नाव. कमल शेडगे यांनी अशी नावं वर्षानुवर्षं काढली. ऐतिहासिक नाटकाचं नाव घडवलेल्या दगडासारखं उभं राहायचं, फार्साचं नाव ओळीतून निसटायचं, रहस्यनाटकाच्या एखाद्या काना-मात्रेतच धास्ती असायची. तिकीट काढायच्या आधीच प्रेक्षकाला नाटकाचा स्वभाव कळायचा. हीसुद्धा जाहिरातच, गिऱ्हाईक ओढण्यासाठीच केलेली. तरी मोठ्या अक्षरातून वाचणाऱ्याला काहीतरी खरं मिळत होतं. शेडगे २०२० मध्ये गेले. ‘चित्राक्षरं’ या त्यांच्या पुस्तकाच्या नावातच त्यांची सगळी रीत आहे. एखादं जुनं कात्रण हाती आलं तर नाव वाचून पुढे जाऊ नका. शिरोरेषा कुठे तुटली आहे, वेलांटीचा गोल किती मोठा घेतला आहे, उकाराची शेपटी कुठे नेली आहे, ते बोट फिरवत बघा. बोट आपोआप संथ होतं.

र. कृ. जोशींचंही नाव घ्यायला हवं. जाहिरातसंस्थेत उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस कवी होता, सुलेखनकार होता, पुढे आयआयटी मुंबईत शिकवत होता. आणि विंडोजच्या संगणकांवर वर्षानुवर्षं ज्या ‘मंगल’ फॉन्टमधून सरकारी पत्रं, निकाल, अर्ज, नोटिसा छापल्या गेल्या, तो त्यांनी केलेला. तो वापरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे नाव माहीत असेल. रोजच्या आरेखनाचं हे असंच असतं.

आता बाहेर पडू. घराजवळच्या रस्त्यावर, सकाळी दुकानं उघडायच्या सुमाराला, पाट्या बघत चाला. एकच पाटी निवडा. ‘किराणा व भुसार’ असं लिहिलेली मिळाली तर उत्तम. ‘कि’ची वेलांटी शिरोरेषेच्या वर उसळते. ‘भु’चा उकार खाली उतरतो. म्हणजे पट्टीची जी उंची आहे तिच्यातला वरचा भाग वेलांट्या-मात्रांना आणि खालचा उकारांना द्यावा लागतो. मूळ अक्षराला मिळतो तो मधला पट्टा. इंग्रजीच्या कॅपिटल अक्षरांना अशी वाटणी करावी लागत नाही, ती पट्टी भरून उभी राहतात. म्हणून दोन्ही लिप्या एकाच मापात बसवल्या की मराठी बारकी आणि दबलेली दिसते. मोजपट्टीच्या हिशेबात समानता असते, डोळ्याच्या हिशेबात नसते.

महाराष्ट्रात २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाटी देवनागरी लिपीत मराठीत हवी, आणि मराठी अक्षरं इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत, असं त्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने पाट्या बदलायला दोन महिन्यांची मुदत दिली. त्या वेळच्या बातम्यांमध्ये भांडण भाषेचं होतं. मला त्यात अक्षराची उंचीही दिसत होती. कुणाचं नाव लहान लिहिलं म्हणजे त्याला कमी लेखलं, हे आपल्याला आतून इतकं पक्कं माहीत असतं की त्यासाठी कायदा करावासा वाटतो. मात्र कायदा मापापर्यंत पोचतो. त्यापुढे, मराठी अक्षर त्या पाटीवर सुखाने बसलं आहे की कोपऱ्यात ढकललं आहे, हे पेंटरच्या आणि आमच्यासारख्यांच्या हातात राहतं.

पुढच्या टपरीपाशी थांबा. तंबाखूच्या पाकिटावर दोन्ही बाजूंना ८५ टक्के जागा धोक्याच्या चित्राला आणि इशाऱ्याला द्यायची, हा नियम २०१६ पासून आहे. ते चित्र बघायला अवघड आहे, तरी नजर काढून घेऊ नका. मग उरलेल्या पट्टीकडे बघा. तिथे कंपनीचं नाव किती नेटकं बसवलं आहे! एवढ्या चिंचोळ्या जागेतही ते ओळखता येतं. ती पट्टी करणाऱ्याला आपलं काम येतं, यात शंका नाही. ते कसब बघून मला दर वेळी उदास वाटतं. आणि चित्राचंही काय होतं पाहा: एकच सिगारेट मागितली की पाकीट टपरीवर राहतं आणि गिऱ्हाईक कोऱ्या कागदाची नळी घेऊन जातं. महाराष्ट्राने २०२० मध्ये सुट्या सिगारेट-विड्यांच्या विक्रीवर बंदी आणली, तिच्या मुळाशी हाही विचार होता. इशारा कितीही मोठा केला, तरी तो माणसाच्या हातात पोचला पाहिजे.

एक लहानसं चिन्ह दाखवते, माझं आवडतं. खाऊच्या पुडीवर शाकाहारासाठी हिरव्या चौकोनात हिरवा गोल असतो. मांसाहारासाठी कैक वर्षं तपकिरी चौकोनात तपकिरी गोल होता. दोन्ही गोल शेजारी ठेवून त्यांतला रंग मनातल्या मनात काढून टाका. काय फरक उरला? काहीच नाही. ज्यांना हिरवा आणि तांबूस रंग वेगळे दिसत नाहीत, त्यांना दोन्ही पुड्या सारख्याच. पुढे नियम बदलला आणि मांसाहाराच्या चौकोनात गोलाच्या जागी त्रिकोण आला. पुडीवरची शेंगदाण्याएवढीही नसलेली जागा, पण तिथे कुणीतरी थांबून वेगळ्या डोळ्यांचा विचार केला. या त्रिकोणाला कुठला पुरस्कार मिळत नाही. मला तो मोठमोठ्या मोहिमांपेक्षा जास्त शिकवतो.

चौकात फ्लेक्स लागलेले असतील. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एखादा निवडा आणि त्यावर कुणाचा चेहरा किती मोठा ते बघा. नेत्याचा सगळ्यात मोठा, मग उत्सवमूर्तीचा, आणि तळाशी शुभेच्छुकांचे चेहरे, पासपोर्ट फोटोच्या ओळीत. इथली उतरंड कुणाला शिकवावी लागलेली नाही.

त्याच्याही वर मान करून बघा, होर्डिंग कुठपर्यंत गेलं आहे ते. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरच्या छेडानगरमध्ये वादळी वाऱ्यात एक होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं. १७ माणसं गेली. त्याचा आकार साधारण १२० फूट बाय १२० फूट होता. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० ची. या आकड्यांपाशी थांबा. मापाच्या तिप्पट उंच आणि तिप्पट रुंद, म्हणजे क्षेत्रफळ नऊपट. दोष पायाचा, परवानगीचा, देखरेखीचा, सगळ्यांचा आहे आणि तो ठरवायला यंत्रणा आहेत. पण इतकं मोठं कशासाठी हवं होतं, हा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे. ‘लोगो जरा मोठा करा’ हे वाक्य या धंद्यात रोज कुणीतरी ऐकतं आणि रोज कुणीतरी तो मोठा करतं. त्या वाक्याला शेवट कुठे असतो, हे आम्हाला वर्गात शिकवायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता मोठ्याकडून बारक्याकडे या. निर्णयसागरच्या काळातला एखादा जुना ग्रंथ कुणाकडे असला तर त्यातली तळटीप बघा. जावजी दादाजींच्या या छापखान्यासाठी राणोजी रावजी आरू यांनी देवनागरीचे ठसे कोरले. पोलादी कांडीच्या टोकाला अक्षर उलटं कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिशाचा रस ओतून खिळा पाडायचा. खिळ्यांच्या या जगात मोठं अक्षर दाबून लहान करता येत नसे. प्रत्येक आकारासाठी ठसा नव्याने कोरावा लागे. तळटिपेच्या अक्षराची रेघ किती जाड ठेवायची, ‘ध’ आणि ‘घ’ एकमेकांसारखे वाटू नयेत म्हणून पोकळी किती मोकळी करायची, याचा वेगळा विचार त्या आकारात करावाच लागे. बारीक अक्षरालाही माणसाच्या हाताचे तेवढेच तास मिळत. आज कोपरा धरून ओढला की हवं ते अक्षर हवं तेवढं लहान होतं, आणि त्यात काय बुजलं ते कुणी बघत नाही. आता पुन्हा मुंबईतले ‘एक टाइप’सारखे गट देवनागरीचे फॉन्ट नीट अभ्यास करून घडवत आहेत आणि ‘मुक्ता’, ‘बलू’ यांच्यासारखे फॉन्ट सगळ्यांना मोफत देत आहेत. साधनांची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. वेळ द्यायची तयारी हवी.

हे मनन करता करता माझी कामाची रीत बदलली. लेआउट घेतला की आता मी सगळ्यात बारीक मजकूर आधी बसवते: अटी, मुदत, पत्ता, तक्रारीचा नंबर. त्याला लागेल तेवढी जागा देते आणि उरलेल्या जागेत मथळा मांडते. मग छापील मापात प्रिंट काढून घरातल्या थोरल्या माणसाच्या हातात देते, चष्म्याशिवाय, ट्यूबलाइटखाली. वाचता आलं नाही तर मथळा आणखी आक्रसतो. यावर ‘मथळा कमजोर पडला’ असं ऐकून घ्यावं लागतं, आणि कधी कधी ते बरोबरही असतं. अशा वेळी मी अक्षर मोठं न करता शब्द कमी करते. मराठीत चार शब्दांचं काम दोन शब्दांत होईल अशी वाक्यं भरपूर सापडतात, फक्त शोधत बसावं लागतं.