आप्पा किती दिवस राहणार?

गावाहून मुलाकडे राहायला आलेल्या आईवडिलांविषयी पहिला प्रश्न ठरलेला असतो : 'किती दिवस आहेत?' रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आपण सगळेच एकमेकांना हा प्रश्न विचारतो. त्यात वाईट काही नाही. पण उत्तर कोण देते ते एकदा लक्ष देऊन ऐकावे. सून सांगते, 'दिवाळीपर्यंत ठेवून घेणार आहोत.' मुलगा म्हणतो, 'आता परत पाठवणारच नाही.' ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले आहे ते आप्पा, नाना किंवा आई शेजारीच उभे असतात आणि हसून मान हलवतात. ठेवणे, पाठवणे, आणणे, नेणे ही क्रियापदे आपण सामानासाठीही वापरतो.

आपल्या धर्मग्रामात वसईची जुनी कुटुंबे आहेत, तशीच नोकरीनिमित्त अहिल्यानगर, नाशिक, मराठवाडा या भागांतून येऊन स्थायिक झालेली कुटुंबेही आहेत. त्यांचे आईवडील उन्हाळ्याच्या शेवटी येतात आणि पावसाळा इथे काढतात. 'समुद्राची हवा मानवेल, तेवढाच हवापालट' असे म्हणून आपण त्यांना बोलावतो. बोलावणे मनापासून असते. तरीही या लांब मुक्कामात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे आणि तो आम्हांला दिसतो त्याप्रमाणे इथे मांडत आहोत. वृद्ध आईवडिलांना आपल्या घरी सुखरूप ठेवणे हा त्यांचा सन्मान, की कुठे राहायचे हे ठरवण्याचा त्यांचा हक्क त्यांच्याकडेच राहू देणे हा सन्मान? दोन्ही एकत्र जमले तर उत्तमच. प्रश्न उभा राहतो तो जमत नाही तेव्हा.

आमच्या घरी गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आप्पा आले. वय ८१. गाव श्रीरामपूर तालुक्यातले, घर दोन खोल्यांचे. आई जाऊन सहा वर्षे झाली. घराचे पत्रे गळत होते, म्हणून निदान पावसाळा तरी आमच्याकडे काढावा असे ठरले. समुद्र त्यांना नवा नव्हता. तरुणपणी वांद्र्याच्या मतमाऊलीच्या सणाला आले असताना त्यांनी तो पाहिला होता. पण समुद्र पाहणे वेगळे आणि समुद्राशेजारी राहणे वेगळे. त्यांच्या गावाकडे वर्षभरात जेवढा पाऊस पडतो त्याहून अधिक आपल्याकडे एकट्या जुलैत पडतो. धोतर तीन दिवस वाळत नाही. गादीला ओल येते, मिठाला पाणी सुटते. बाजरीचे पीठ या हवेत चार दिवसांत कडू पडते, म्हणून थोडी थोडी बाजरी दळून आणावी लागे आणि तेवढ्यासाठी गिरणीवाल्याची मनधरणी करावी लागे. जून-जुलैत मासेमारी बंद, त्यामुळे घरोघरी सुके बोंबील. त्या वासाने आप्पा ओट्यावर जाऊन बसत. तक्रार म्हणून नव्हे, 'जरा वारा घेतो' असे म्हणून.

आणखी एक गोष्ट, जी आपण वसईकरांनी विशेष लक्षात घ्यावी. आपल्या घरात, अंगणात, लग्नकार्यात आपण सामवेदी किंवा वाडवळी बोलीत बोलतो. ती आपली माया आहे आणि ती टिकली पाहिजे. पण देशावरून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला त्यातले अर्धेही कळत नाही. सगळे हसतात तेव्हा तो उशिरा हसतो. बोली बदलून दोन वाक्ये त्याच्यासाठी बोलणे याला खर्च काहीच येत नाही. आमच्या शेजारच्या एक मावशी हे न चुकता करीत. आप्पांनी पुढे गावी गेल्यावर सर्वात आधी चौकशी केली ती त्यांचीच.

'आप्पा, तुम्ही बसा' हे वाक्य प्रत्येक चांगल्या घरात ऐकू येते. पाहुण्याला ते शोभते. पण पाहुणा चार दिवसांचा असतो. चार महिने नुसते बसायला सांगितलेला माणूस घरचा होत नाही आणि पाहुणाही राहत नाही. साठ वर्षे शेतात राबलेल्या हातांना काम नसणे ही विश्रांती नव्हे. आप्पांनी आपले काम आपणच शोधले. बिरड्यासाठी भिजवून मोड आणलेले वाल सोलण्याचे काम घरात कुणालाच आवडत नाही. ते त्यांनी परात पुढ्यात ओढून घेतली आणि त्या दिवसापासून वाल त्यांच्याकडेच गेले. नातवाला रोझरीतील रहस्ये क्रमाने म्हणून दाखवायला लावायची, हे दुसरे काम. ते मात्र त्यांना वालाइतके सोपे गेले नाही.

ऑगस्ट सरत आला तसा तो प्रश्न आमच्याही घरात आला. घरात सर्वांना वाटत होते की त्यांनी आता इथेच राहावे. कारणे खरी होती. रात्री लघवीला उठताना तोल जातो. एका कानाने ऐकू कमी येते. गावी पडले तर सकाळपर्यंत कुणाला कळणार नाही. इथे न्हाणीघरात धरायला दांडा लावला आहे, रात्रभर दिवा असतो, डॉक्टर दहा मिनिटांवर आहेत. आप्पांना विचारले की ते म्हणत, 'बघू.' पुन्हा विचारले तर, 'तुम्ही म्हणाल तसं.'

म्हाताऱ्या माणसांच्या या 'तुम्ही म्हणाल तसं'वर आपण फार थोडा विचार करतो. ती संमती असू शकते. थकवा असू शकतो. मुलांना वाईट वाटू नये ही काळजी असू शकते आणि आपण आता दुसऱ्याच्या अन्नावर आहोत हे भानही असू शकते. वाक्य एकच, अर्थ चार. पंगतीला सर्वांसमोर विचारले तर यापेक्षा वेगळे उत्तर मिळणार नाही. दोघा-तिघा भावांनी आपसात तीन-तीन महिन्यांची पाळी लावून मग आईला कळवले, तर तेही विचारणे नव्हे. पाळी लावण्यात पाप नाही, नोकऱ्या आणि लहान घरे यांमुळे ते करावेच लागते. पण पाळीचा कागद लिहिताना जिच्यासाठी तो लिहिला जात आहे ती त्या खोलीत असावी.

शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील १९व्या अध्यायात एक प्रसंग आहे. रविवारच्या वाचनांत तो सहसा ऐकायला मिळत नाही, म्हणून इथे सांगतो. अबशालोमाच्या बंडामुळे दावीद राजाला पळून जावे लागले, तेव्हा बर्जिल्लय नावाच्या गिलादी वृद्धाने त्याला व त्याच्या माणसांना अंथरुण-पांघरुण, धान्य, मध, दही पुरवले होते. बंड मोडल्यावर दावीद यार्देन नदी ओलांडून राजधानीकडे परत निघाला. बर्जिल्लय त्याला पोहोचवायला आला होता. दावीद त्याला म्हणाला, माझ्याबरोबर चल, यरुशलेमात मी तुझा सांभाळ करीन. देणे फेडण्याची याहून चांगली रीत कोणती? पण बर्जिल्लयाने नकार दिला. माझे वय ८०, मला अन्नाची चव कळत नाही, गाणे ऐकू येत नाही, मी तुझ्यावर भार कशाला होऊ, असे तो म्हणतो. मग खरे कारण सांगतो : मला माझ्या गावात, माझ्या आईबापांच्या कबरीजवळ मरायचे आहे.

दावीद राजा होता. त्याने आग्रह धरला असता तर कुणी अडवले नसते आणि लोकांनी त्याच्या कृतज्ञतेची वाहवाच केली असती. त्याने त्या म्हाताऱ्याचे चुंबन घेतले, त्याला आशीर्वाद दिला आणि जाऊ दिले. बर्जिल्लयाने आपल्याऐवजी किम्हामला पुढे केले होते. त्याच्यासाठी, बर्जिल्लयाला जे बरे वाटेल ते करीन, असा शब्दही दिला. सांभाळण्याची इच्छा खरी होती, म्हणूनच ती नकार सोसू शकली, असे आम्हांला वाटते.

चौथी आज्ञा आपण लहान मुलांना शिकवतो. पण ती मुख्यतः मोठ्यांसाठी आहे. मुले स्वतंत्र झाली की आईवडिलांची आज्ञा पाळण्याचे बंधन संपते, आदराचे मात्र कधीच संपत नाही, असे कॅथलिक धर्मशिक्षण (क्र. २२१७) सांगते. आपण याची दुसरी बाजू विसरतो. मुलगा मोठा झाल्याने बाप त्याच्या आज्ञेत जात नाही. म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, ही म्हण आपण सहज वापरतो. ती आम्हांला पटत नाही. लहान मुलाच्या मागे आयुष्य नसते. आप्पांच्या मागे ८१ वर्षे आहेत, एक संसार आहे, एक कबर आहे.

कायदा इथे फारशी मदत करीत नाही. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणासाठीचा २००७ चा कायदा सांभाळ न करणाऱ्या मुलांकडून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळवून देण्याची तरतूद करतो. ज्यांना टाकून दिले जाते त्यांच्यासाठी तो मोठा आधार आहे. पण प्रेमाने धरून ठेवलेल्या माणसासाठी कायद्यात कलम नसते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली जुलैच्या चौथ्या रविवारी आजीआजोबांचा व ज्येष्ठांचा जागतिक दिन सुरू केला. त्या दिवशी आपण ज्येष्ठांना पुढच्या बाकांवर बसवतो, फूल देतो. सुंदर रीत आहे. फूल देताना त्यांना एखादा प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहिली तर आणखी बरे.

आता दुसरी बाजू, कारण ती सांगितली नाही तर हा लेख चुकीच्या माणसांच्या उपयोगी पडेल. 'त्यांना इथे करमतच नाही', 'त्यांचा जीव गावाकडे ओढतो' ही वाक्ये जबाबदारी झटकणारी मुलेही वापरतात. मार्कच्या शुभवर्तमानातील सातव्या अध्यायात प्रभू येशू अशाच लोकांना फटकारतो. आईबापांना द्यायचे ते 'कुर्बान' म्हणजे देवाला अर्पण झाले आहे, असे सांगून ते मोकळे होत. शब्द पवित्र होता, हेतू हात झटकण्याचा होता. 'त्यांच्या इच्छेचा मान' हाही आजचा कुर्बान होऊ शकतो. ओळखायचे कसे? आम्हांला एक खूण सापडते. म्हातारा माणूस परत गेल्यावर आपला खर्च, आपली धावपळ आणि आपली काळजी कमी झाली असेल तर आपण त्याला पाठवले. ती वाढली असेल तर तो गेला.

आणि जिथे स्मृतिभ्रंशाने माणसाला आपले घर, आपला मुलगाही ओळखू येत नाही, तिथे हा सगळा विचार वेगळा होतो. तिथे मुलांनाच ठरवावे लागते आणि ते जड असते. अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांना शेजाऱ्यांनी सल्ले देऊ नयेत, दोन तास बसायला जावे.

सप्टेंबरात हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला जाण्यासाठी आप्पांनी हट्ट केला नाही, यात्रा इथूनच मोबाईलवर पाहिली. ऑक्टोबरच्या मध्यावर एका संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली बसलो असताना त्यांना पुन्हा विचारले. त्या वेळी आजूबाजूला कुणी नव्हते. बराच वेळ ते भरतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, 'दोन तारखेच्या आत जायला पाहिजे. तिच्या कबरीवर गवत वाढलं असेल.' दोन नोव्हेंबर, सर्व मृतांचा दिवस. पुढे म्हणाले, 'अन् मग तिथंच राहीन म्हणतो.' इतक्या महिन्यांत 'मी' असे म्हणून त्यांनी बोललेले हे पहिलेच वाक्य होते.

घरात यावर वाद झाला. तो अजून पुरता मिटलेला नाही. पडले तर काय, या प्रश्नाला आजही कुणाकडे उत्तर नाही. पण आधी पत्रे बदलून घेतले. गावच्या न्हाणीघरातही दांडा बसवला. शेजारच्या घरी रोज सकाळी एकदा हाक मारण्याचे ठरले, त्यांना महिन्याला काही पैसे देतो. गोळ्या आठवड्याच्या डबीत भरून ठेवतो आणि महिन्याच्या पहिल्या शनिवारी आमच्यापैकी एकजण जातो. खर्च इथे असताना होत होता त्याहून जास्त होतो.

ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात ते एसटीने गेले. राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि आप्पांना याचे फार अप्रूप. आधार कार्ड वरच्या खिशात ठेवले होते. कंडक्टरने मागण्याआधीच त्यांनी ते काढून दाखवले. पिशवीत सुके बोंबील होते. शेजाऱ्यांना द्यायला म्हणून त्यांनी स्वतः मागून घेतले होते.

येत्या पावसाळ्यात याल का, असे मागच्या शनिवारी विचारले. 'बघू,' म्हणाले. आता मे महिन्यात पुन्हा विचारायचे आहे.